केस पेपरवर ॲम्फोटेरिसिन लिहिण्याआधी

मे २०२१. म्युकरमायकोसिसचे, म्हणजे काळ्या बुरशीचे, पेशंट रोज भरती होत होते, त्यावरचं बुरशीविरोधी इंजेक्शन लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन मिळता मिळत नव्हतं, आणि मी मेडिसिनची पहिल्या वर्षाची रेसिडेंट होते. रात्री अडीच वाजता ५० किलो वजनाच्या एका काकांच्या केस पेपरवर मी लिहिलं, ‘इंजेक्शन ॲम्फोटेरिसिन बी २५० मि.ग्रॅ.’ एवढंच. थोड्या वेळाने सिस्टर आल्या. “मॅडम, स्टोअरमधून साधं आलंय. पाचही व्हायल घालायच्या ना?”

माझे हातपाय गार पडले.

हे औषध बुरशीच्या पटलातल्या अर्गोस्टेरॉलला चिकटतं हे तुम्ही सेकंड एमबीबीएसला पाठ केलंय, ते मी सोडून देते. जे मला कोणी नीट सांगितलं नाही ते सांगते. औषधाचं नाव एकच, व्हायल दोन्ही ५० मि.ग्रॅ.च्या, आतली पावडर दोन्हीकडे पिवळी. पण म्युकरमध्ये लायपोसोमलचा डोस किलोमागे ५ मि.ग्रॅ., प्रसंगी १० पर्यंत. साध्याचा, म्हणजे डीऑक्सिकोलेटचा, किलोमागे १ च्या आसपास आणि १.५ च्या वर कधीच नाही. काकांना साध्याची एक व्हायल पुरे होती. पाच गेल्या असत्या तर त्यांचं हृदय थांबू शकलं असतं.

एवढा फरक का? लायपोसोम औषधाला चरबीच्या वेष्टनात धरून ठेवतो, वाटेत फारसं सुटं होऊ देत नाही, म्हणून किडनीला झळ कमी बसते. साधं औषध मात्र आपल्या पेशींतल्या कोलेस्टेरॉललाही चिकटतं आणि किडनीकडे रक्त नेणाऱ्या बारीक धमन्या आवळतं. म्हणून कोणतं फॉर्म्युलेशन, म्हणजे औषधाचा कोणता प्रकार, ते पूर्ण शब्दात लिहा, शेजारी किलोमागचा डोस लिहा, मग एकूण मिलिग्रॅम. ‘लिपो’ असं अर्धवट लिहू नका. लिपिड कॉम्प्लेक्स नावाचा तिसरा प्रकारही आहे. स्टोअरमधून बदली माल आला की आधीची ऑर्डर खोडून नवी लिहा. दरवेळी.

सीनियर तुम्हाला डोसच्या चार्टचा फोटो पाठवतील, प्रेमाने पाठवतील. माझ्याकडेही तो होता आणि त्यात फक्त लायपोसोमलचा आकडा होता. माझं ठाम मत आहे, त्यापेक्षा डब्यातला कागद उलगडून वाचा आणि रात्रपाळीच्या जुन्या सिस्टरांना विचारा. हे औषध मला त्यांनीच शिकवलं.

पहिल्या डोसला पेशंट थडथड कापायला लागला की घाबरू नका. बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते. ड्रिपचा वेग कमी करा, पॅरासिटामॉल द्या, ब्लँकेट घाला, बीपी आणि श्वासाकडे लक्ष ठेवा. पुढच्या डोसना हे सहसा कमी होत जातं.

सलाइनचं मात्र नीट लक्षात ठेवा. किडनी जपायला ड्रिपच्या आधी अर्धा ते एक लिटर सलाइन देतात, पण तेच सलाइन औषधात मिसळलं तर साका धरतो. औषध फक्त ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये, आणि मधे लाइन डेक्स्ट्रोजनेच धुऊन घ्यायची.

काकांना त्या रात्री टेस्ट डोस देऊन एकच व्हायल लावली, ५०० मि.ली. डेक्स्ट्रोजमध्ये, सहा तासांत. चौथ्या दिवशी रक्तातलं पोटॅशियम घसरून २.८. मी पोटॅशियम देत राहिले, ते हलेना. मग मॅग्नेशियम तपासलं, तेही घसरलेलं. किडनीच्या नलिकांतून दोन्ही वाहून जात होती, आणि मॅग्नेशियम कमी असेपर्यंत पोटॅशियम टिकत नाही. मॅग्नेशियम सुरू केलं तेव्हा कुठे दोन दिवसांत पोटॅशियम ३.६ वर आलं. तेव्हापासून हे इंजेक्शन चालू असलेल्या माझ्या प्रत्येक पेशंटच्या सकाळच्या रक्ततपासणीत क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं), पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तिन्ही असतात.