बऱ्याच वर्षांनी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय पुन्हा उभारताना

ज्यांनी पूर्वी घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय सांभाळले आहे आणि बदली, घरबांधणी किंवा मुलांची शिक्षणे अशा कारणांनी मधली काही वर्षे ते बंद ठेवले आहे, त्यांच्यासाठी ही माहिती आहे. खाणे किती घालावे, पंपाचा आवाज बदलला तर काय समजावे, मासा बिथरला आहे की आजारी आहे, हे अशा माणसाला सांगावे लागत नाही. त्याची अडचण वेगळी असते. माळ्यावरून उतरवलेली टाकी, उरलेले मीठ, तेव्हाची टेस्ट किट आणि तेव्हाचे नियम आजही चालतील असे तो गृहीत धरतो आणि पंधरवड्यात मासे आणायला निघतो. माझे स्पष्ट मत असे आहे की परतणाऱ्याने पहिली टाकी केवळ माशांची ठेवावी, प्रवाळांची नव्हे, आणि ती अगदी कोऱ्या टाकीप्रमाणे मुळापासून सुरू करावी.

प्रवाळ नको म्हणण्यामागे आधी कायदा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली खडक बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, गॉर्गोनियन (पंख्यासारखे प्रवाळ) आणि समुद्रघोडे यांचा समावेश झाला. समुद्रकाकड्यांनाही तेव्हाच संरक्षण मिळाले. पूर्वी दुकानांत सर्रास मिळणारा ‘लाइव्ह रॉक’ हा बहुतांशी प्रवाळाचाच सांगाडा असल्यामुळे तोही या बंदीत येतो. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची फेरमांडणी झाली आणि ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतील परदेशी प्राणी जिवंत बाळगायचे असतील तर त्यांची नोंदणी करणे आवश्यक ठरले. जुन्या टाकीतला प्रवाळाचा दगड घरात पडून असेल तर तो पुन्हा वापरण्याऐवजी वनविभागाच्या कार्यालयात विचारणा करावी. असा दगड स्वच्छ करण्यासाठी उकळू तर मुळीच नये, कारण त्यावर झोअँथिड हे प्रवाळांसारखे दिसणारे जीव वाढलेले असतील तर पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष वाफेबरोबर हवेत पसरते आणि त्यामुळे घरातल्या सगळ्यांनाच रुग्णालय गाठावे लागू शकते. टाकीसाठी मत्स्यालयाकरिता बनवलेला सच्छिद्र सिरॅमिकचा दगड घ्यावा. त्याच्या छिद्रांतही उपयुक्त जिवाणू तितकेच चांगले वाढतात.

जुनी टाकी वापरायची असेल तर सर्वांत आधी तिच्या आतल्या कडांचे सिलिकॉन पाहावे. वर्षानुवर्षे कोरड्या राहिलेल्या टाकीत ते कडक होते आणि नखाने उचलले तर कडेने सुटू लागते. अशा जागी वरून नवीन सिलिकॉन फासून काही उपयोग होत नाही, कारण जुन्या सिलिकॉनवर नवे धरत नाही. ते सगळे ब्लेडने खरवडून काढावे, काच स्पिरिटने पुसावी आणि मगच नवे भरावे. बाथरूमसाठी मिळणारे बुरशीरोधक सिलिकॉन घेऊ नये, कारण त्यातली रसायने माशांना मारक ठरतात. त्यानंतर टाकी गच्चीत सपाट फळीवर ठेवून साध्या पाण्याने काठोकाठ भरावी आणि गळती दिसावी म्हणून तीन दिवस खाली कोरडा कागद अंथरून ठेवावा. पूर्वी त्या टाकीत तांब्याचे औषध वापरले असेल तर कोळंबी, खेकडे किंवा शिंपले तिच्यात ठेवण्याचा विचार सोडून द्यावा.

जागा ठरवताना वजनाचा हिशोब कागदावर करावा. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत सुमारे २५५ लिटर पाणी मावते. काच, दगड, स्टँड आणि खालचा संप (पाणी गाळण्यासाठीची छोटी टाकी) धरून हा भार ४०० किलोच्या आसपास जातो आणि तो अर्ध्या चौरस मीटरहून थोड्याच अधिक जागेवर येतो. आपल्याकडे राहत्या खोल्यांच्या जमिनीसाठी साधारणपणे दर चौरस मीटरला २०० किलो एवढा भार गृहीत धरला जातो. म्हणून टाकी खोलीच्या मध्यभागी न ठेवता भिंतीलगत, शक्यतो बीमच्या रेषेवर ठेवावी आणि इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. विजेच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारा स्विच, बसवून घ्यावा. प्रत्येक वायर प्लगपर्यंत जाण्याआधी प्लगच्या पातळीखाली झोळ देऊन वर न्यावी, म्हणजे वायरीवरून ओघळणारे खारे पाणी सॉकेटमध्ये न शिरता झोळातून खाली ठिबकते.

पाण्याच्या बाबतीत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतेच. घरातल्या पिण्याच्या पाण्याच्या प्युरिफायरवर विसंबूनही चालत नाही, कारण अशा बहुतेक यंत्रांत चवीसाठी थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची किंवा क्षार घालण्याची सोय असते. त्यातून निघणाऱ्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) ४० किंवा ६० दिसला तर ते पाणी टाकीसाठी निरुपयोगी समजावे. आरओनंतर उरलेले क्षार शोषणाऱ्या डीआय रेझिनचा टप्पा असलेला वेगळा फिल्टर घ्यावा आणि मीटरवर शून्य आल्याशिवाय पुढे जाऊ नये. किनाऱ्यावर राहणाऱ्यांना समुद्राचेच पाणी आणण्याचा मोह होतो. परंतु मुंबईच्या किनाऱ्यालगतचे पाणी सांडपाण्यामुळे दूषित आहे, आणि कोकणात पावसाळ्यात नद्यांचे पाणी मिसळून किनाऱ्याजवळची क्षारता बरीच उतरते. तयार सागरी मीठच वापरावे. पोत्यात दगडासारखे घट्ट झालेले जुने मीठ टाकून द्यावे.

मीठ कालवण्याची रीत साधी आहे, पण तिचा क्रम उलटवू नये. आधी पिंपात पूर्ण पाणी घ्यावे, त्यात पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) सुरू करावा आणि मग लिटरला साधारण ३६ ग्रॅम या प्रमाणात मीठ थोडे थोडे सोडावे. मिठावर पाणी ओतले तर काही काळ पाणी अतिशय दाट राहते, कॅल्शियम कार्बोनेट वेगळे होऊन दुधाळ साका बसतो आणि तो पुन्हा विरघळत नाही. दगडाने व्यापलेली जागा वजा जाता वरील टाकीला २२० लिटर पाणी लागते, म्हणजे सुमारे ८ किलो मीठ. पाणी चोवीस तास फिरू द्यावे आणि मगच क्षारता मोजावी. ती हजारी ३५ असावी, म्हणजेच २५ अंश सेल्सिअसला विशिष्ट गुरुत्व १.०२६ च्या जवळपास यावे.

मोजण्यासाठी काटा तरंगणाऱ्या प्लॅस्टिकच्या डबीऐवजी रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे प्रकाशाच्या वक्रीभवनावरून क्षारता दाखवणारे उपकरण, घ्यावा. बहुतेक जण तो शुद्ध पाण्याने शून्यावर लावून मोकळे होतात. मात्र स्वस्त उपकरणे शून्यावर बरोबर असली तरी ३५ वर चुकलेली असू शकतात. म्हणून ३५ चेच प्रमाण द्रावण वापरावे. ते घरीही करता येते: आयोडीन नसलेले शुद्ध मीठ ३६.५ ग्रॅम आणि शुद्ध पाणी ९६३.५ ग्रॅम अचूक काट्यावर तोलून मिसळावे. त्याचे दोन थेंब प्रिझमवर टाकून झाकण अलगद बसवावे, बुडबुडा राहिलेला नाही हे पाहावे, अर्धा मिनिट थांबावे आणि उजेडाकडे धरून निळ्या-पांढऱ्या रंगांची सीमारेषा नेमकी ३५ वर येईपर्यंत वरचा स्क्रू फिरवावा.

यानंतरचा टप्पा वाट पाहण्याचा आहे आणि अनुभवी माणूस नेमका इथेच घाई करतो. माशांच्या उत्सर्जनातून निघणाऱ्या अमोनियाचे एका गटाचे जिवाणू नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटाचे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. खाऱ्या पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि पीएच जितका जास्त तितका अमोनियाचा विषारी अंश अधिक असतो, म्हणून गोड्या पाण्यात खपून गेलेली घाई इथे खपत नाही. टाकी ‘पिकवण्यासाठी’ डॅमसेल मासे सोडण्याची जुनी पद्धत क्रूर आहे आणि तिची गरजही नाही. प्रयोगशाळेच्या दर्जाचे अमोनियम क्लोराइड २२० लिटरला सुमारे १.४ ग्रॅम घातले की अमोनिया २ पीपीएमपर्यंत (दशलक्षात दोन भाग) जातो. कल्हईसाठी मिळणारा नवसागर हेच रसायन असला तरी त्यात भेसळ असते, तो वापरू नये. टेस्ट किट नवी घ्यावी, कारण मुदत संपलेल्या द्रवांचे रंग फसवे निघतात. एवढा अमोनिया घातल्यानंतर चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येऊ लागले की टाकी तयार झाली. त्यानंतर अर्ध्याहून अधिक पाणी बदलून साचलेले नायट्रेट उतरवावे.

आपल्या हवेत हीटरपेक्षा उष्णतेची काळजी जास्त घ्यावी लागते. तापमान २५ ते २७ अंशांच्या दरम्यान स्थिर असावे. नागपूर किंवा पुण्यात मे महिन्यातल्या कोरड्या हवेत पाण्यावर लावलेला छोटा पंखा दोन-तीन अंशांचा फरक पाडतो. मुंबईच्या दमट हवेत तो फारसा साथ देत नाही, तिथे चिलर (पाणी थंड करणारे यंत्र) लागतोच. चिलर बंद कपाटात ठेवू नये, कारण तो पाण्यातली उष्णता बाहेर टाकत असतो आणि तीच पुन्हा आत कोंडते. वीज गेल्यावर पहिला धोका प्राणवायूचा असतो, म्हणून बॅटरीवर चालणारा एअर पंप कायम तयार असावा. पंप थांबल्यावर टाकीतले पाणी संपमध्ये उतरते. ते संपमध्ये मावते की नाही, हे मासे आणण्यापूर्वी मुद्दाम स्विच बंद करून पाहावे आणि संपवर कमाल पातळीची खूण करून ठेवावी.

पहिले मासे क्लाउनफिशची जोडी असावी आणि ती प्रजनन केंद्रातली असावी. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने, म्हणजे सीएमएफआरआयने, क्लाउनफिशच्या प्रजननाचे तंत्र आपल्याच देशात विकसित केले आहे. त्यामुळे समुद्रातून पकडलेली जोडी घेण्याचे काहीच कारण उरत नाही. दुकानात मासा खाताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. घरी आणल्यावर पिशवीतल्या पाण्याची क्षारता मोजावी, कारण अनेक विक्रेते ती कमी ठेवतात. मग आजार दिसतो का हे पाहण्यासाठीच्या वेगळ्या टाकीचे पाणी त्याच क्षारतेवर आणून मासा त्यात सोडावा. ४० ते ५० लिटरच्या या टाकीत वाळू नसावी, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे असावेत आणि मासा किमान चार आठवडे तिथेच राहावा. अंगावर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले तर तो क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी असण्याची शक्यता असते. तो मोठ्या टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती साधारण ७६ दिवस रिकामी ठेवावी लागते. तांब्याचे औषध द्यायचे तर वेगळ्या टाकीतच, तांब्याचे प्रमाण मोजणारी किट हाताशी ठेवून.

शांत मासे आधी आणि डॅमसेलसारखे भांडखोर मासे शेवटी सोडावेत, आणि दोन खरेद्यांमध्ये काही आठवडे जाऊ द्यावेत. या आकाराच्या टाकीत सहा-सात लहान मासे पुरे. ब्लू टँग एक फुटापर्यंत वाढतो, त्याला चार फुटी टाकीत कोंडणे योग्य नाही. दर आठवड्याला दहा टक्के पाणी बदलावे. बाष्पीभवनाने फक्त पाणी जाते, मीठ मागेच राहते, म्हणून रोजची घट साध्या आरओ-डीआय पाण्यानेच भरावी. गणपतीला किंवा सुट्टीत गावी जाताना माशांचे खाणे दिवसागणिक कागदी पुड्यांत बांधून, त्यावर वार लिहून शेजाऱ्यांकडे द्यावे आणि उरलेला डबा कपाटात बंद करून ठेवावा, कारण मायेपोटी जास्त घातलेले खाणे चार दिवसांत अमोनिया वाढवते.