हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशन: पहिल्या नोकरीचा पगार आणि कर्जाचा हप्ता

आमच्या एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये दर उन्हाळ्यात नव्याने आलेली कुणीतरी विचारतेच, "ताई, मी कम्युनिटी कॉलेजात हेल्थ ॲडमिनिस्ट्रेशन करू का? तुम्ही केलंय ना?" हो, केलंय. म्हणजे दोन वर्षांच्या कॉलेजात दवाखाने-इस्पितळांचा कारभार चालवायचं शिक्षण. सांगलीला बी.कॉम. झाले, लग्नानंतर न्यू जर्सीला आले, आठ वर्षं एच-फोर व्हिसावर, म्हणजे नोकरीसाठी आलेल्या नवऱ्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या व्हिसावर, घरी होते आणि ग्रीन कार्ड आल्यावर पस्तिसाव्या वर्षी पुन्हा बाकावर बसले. शिक्षणाचा मला पश्चात्ताप नाही. पैशांचा हिशोब मात्र मी चुकीच्या आकड्यावर मांडला होता, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

कॉलेजच्या माहितीपत्रकात 'मेडिकल अँड हेल्थ सर्व्हिसेस मॅनेजर'चा पगार ठळक छापलेला होता. आकडा बघायचा तर अमेरिकन सरकारच्या आकडेवारीप्रमाणे मे २०२४ मध्ये या पदाचा मध्यक पगार वर्षाला १,१७,९६० डॉलर होता. आकडा खरा आहे, पण त्या पदासाठी साधारणपणे चार वर्षांची बॅचलर्स आणि हाताशी अनुभव लागतो. दोन वर्षांच्या असोसिएट डिग्रीवर दार उघडतं ते फ्रंट डेस्क, बिलिंग आणि मेडिकल रेकॉर्ड्सचं. मेडिकल रेकॉर्ड्स स्पेशालिस्टचा त्याच वर्षीचा मध्यक ५०,२५० डॉलर. मध्यक म्हणजे निम्म्या लोकांना त्याहून कमी मिळतं, आणि नवीन माणूस बहुधा त्या निम्म्यांतच असतो. मला पहिली नोकरी हाडांच्या डॉक्टरांकडे लागली, तासाला १९ डॉलरवर. पूर्ण वेळ काम करून वर्षाचे साडेएकोणचाळीस हजार, तेही टॅक्स कापण्याआधी.

काम कसं असतं तेही सांगते. एमआरआयची परवानगी मिळवायला विमा कंपनीला फोन लावायचा आणि कानाला रिसीव्हर धरून आदल्या दिवशीचे परत आलेले क्लेम उपसायचे. उजव्या गुडघ्याच्या झिजेचा कोड एम१७.११, डाव्याचा एम१७.१२. शेवटचा एक आकडा चुकला की क्लेम परत, डॉक्टरांचे पैसे अडकले आणि पेशंटच्या घरी नको ते बिल गेलं. एका आजींच्या हातात असं बिल पाहिल्यापासून मी प्रत्येक कोड दोनदा वाचते. हे काम महत्त्वाचं आहे आणि मला ते आवडतं. पण कर्ज काढताना हा पगार डोळ्यासमोर हवा, मॅनेजरचा नव्हे.

आता कर्ज. फॅफ्सा, म्हणजे सरकारी शिक्षणमदतीचा अर्ज, भरल्यावर कॉलेजकडून अवॉर्ड लेटर, म्हणजे किती मदत मिळेल ते सांगणारं पत्र, येतं. माझ्या पत्रात पेल ग्रँट (कमी उत्पन्नवाल्यांना मिळणारी सरकारी मदत) आणि कर्ज एकाखाली एक, एकाच रकान्यात होतं आणि खाली एकच बेरीज. ग्रँट फेडावी लागत नाही, कर्ज फेडावं लागतं. लग्न झालेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी ९,५०० डॉलरपर्यंत सरकारी कर्ज मिळू शकतं. त्यातल्या जास्तीत जास्त ३,५०० वरचं व्याज शिकत असेपर्यंत सरकार भरतं. बाकीच्या रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चढतं. मी सगळं 'ॲक्सेप्ट' केलं. माझी फी त्याच्या निम्मीसुद्धा नव्हती. उरलेले पैसे माझ्या खात्यात आले आणि जुनी गाडी घेण्यात गेले. हवी तेवढीच रक्कम घेता येते, आणि आलेले जादा पैसे १२० दिवसांत परत केले तर त्यावरचं व्याज आणि शुल्क माफ होतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही. २०२४-२५ च्या ६.५३ टक्के दराने १०,००० डॉलरचा दहा वर्षांचा हप्ता महिन्याला साधारण ११४ डॉलर बसतो. म्हणजे एकूण फेड साडेतेरा हजारांच्या वर. १९ डॉलरच्या पगारात दर महिन्याचे सहा तास नुसत्या हप्त्याचे.

एच-फोरवर असाल तर सरकारी ग्रँट आणि कर्ज दोन्ही मिळत नाही. अशा वेळी खासगी कर्जाच्या मागे लागू नका. एकेका सत्रात झेपतील तेवढेच विषय घ्या आणि फी खिशातून भरा.

सरकारच्या 'कॉलेज स्कोअरकार्ड' या संकेतस्थळावर कॉलेज आणि विषय निवडून पदवीनंतरची मध्यक कमाई आणि मध्यक कर्ज बघता येतं. जरूर बघा, पण कमाईचा आकडा फक्त सरकारी मदत घेतलेल्या विद्यार्थ्यांचा असतो. रोख फी भरणाऱ्या आपल्या बायका त्यात मोजल्याच जात नाहीत. शिवाय लहान वर्गांचे आकडे बहुतेकदा दिलेलेच नसतात. मग सरळ विभागप्रमुखांना भेटा आणि विचारा: गेल्या वर्षी पास झालेल्यांना कुठे, कोणत्या पदावर नोकऱ्या लागल्या? उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं कॉलेज बघा.

माझी सगळ्यात महाग चूक पैशांची वाटत नव्हती. दोन वर्षांच्या डिग्रीचे 'एए' (असोसिएट इन आर्ट्स), 'एएस' (असोसिएट इन सायन्स) आणि 'एएएस' (असोसिएट इन अप्लाइड सायन्स) असे प्रकार असतात; मी 'एएएस' घेतलं. न्यू जर्सीत सरकारी विद्यापीठात पास झालेल्या विषयांची पूर्ण क्रेडिट्स नेण्याचा राज्यव्यापी करार 'एए' आणि 'एएस' पदव्यांसाठी आहे. 'एएएस' त्यात बसत नाही. बॅचलर्सला गेले तेव्हा माझे बरेचसे विषय त्यांनी धरले नाहीत आणि तेवढ्या क्रेडिट्सचे पैसे मी दुसऱ्यांदा भरले. तुम्हाला पुढे मॅनेजर व्हायचं असेल तर 'एएस'च घ्या. दोन वर्षांत थांबून रेकॉर्ड्सच्या कामात जायचं असेल तर 'एएएस'ही चालेल, पण मग तो अभ्यासक्रम हेल्थ इन्फर्मेशनचा (रुग्णांच्या नोंदींचा) आणि 'काहीम' या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला हवा, कारण त्याशिवाय आरएचआयटीच्या, म्हणजे रेकॉर्ड्स तंत्रज्ञाच्या प्रमाणपत्राच्या, परीक्षेला सहसा बसता येत नाही.

परवा वरच्या मजल्यावरची एकजण तिचं अवॉर्ड लेटर घेऊन आली. चहा ठेवला आणि आम्ही दोघींनी पेन्सिलने ग्रँटवर बरोबरची खूण केली, कर्जाभोवती चौकट काढली. फी, पुस्तकं, बस पास यांची बेरीज ग्रँटपेक्षा १,८०० डॉलरने जास्त आली. तिने लॅपटॉप उघडला, ९,५०० खोडले आणि सरकार व्याज भरतं त्या कर्जाच्या ओळीत १,८०० लिहिले.