डाऊनचं लेबल वाचताना या चुका टाळा

अमेरिकेत नव्याने गेलेलं कुटुंब पहिल्या हिवाळ्याआधी पक्ष्यांची मऊ लव, म्हणजे डाऊन, भरलेला कम्फर्टर (जाड रजई) घेतं, हिमालयात ट्रेकला निघालेले पुण्या-मुंबईचे लोक तसंच जॅकेट घेतात. दोन्ही खरेद्या खिशाला चांगल्याच जड पडतात. तरीही समोर मोठ्या अक्षरांत 'डाऊन' दिसलं की पुढचं कुणी वाचत नाही. कामाची माहिती शिवणीत अडकवलेल्या छोट्या पट्टीवर असते. ती आधी शोधा.

'डाऊन' म्हणजे सगळंच डाऊन, असं धरून चालणं

डाऊन म्हणजे बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांखालची मऊ लव. तिला दांडी नसते, पिसाला असते. अमेरिकेतल्या लेबलच्या मानकानुसार नुसतं 'डाऊन' लिहायचं असेल, तर भरावात ७५ टक्के डाऊनचे गुच्छ, म्हणजे लवेचे अख्खे पुंजके, असले तरी चालतात. उरलेल्या भागात बारीक पिसं आणि सुटे तंतू येतात. '१०० टक्के डाऊन' किंवा 'प्युअर डाऊन' लिहिलं असेल, तर मात्र आत फक्त डाऊनच हवं. म्हणून नुसतं 'डाऊन' लिहिलेली उशी थोडी टोचली, तर ती लगेच फसवणूक ठरत नाही. '१०० टक्के' लिहिलेल्या उशीचा कोपरा चिमटीत धरून रगडा. कडक दांड्या हाताला लागल्या, तर विक्रेत्याला जाब जरूर विचारा.

'गूज डाऊन'चंही तसंच आहे. या मानकात त्यासाठी ९० टक्के हंसाचं डाऊन पुरतं, बाकीचं बदकाचं असू शकतं.

फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या अमेरिकी सरकारी संस्थेने, डाऊन-पिसांसाठीची वेगळी मार्गदर्शक तत्त्वं १९९८ मध्ये मागे घेतली. पण त्यामुळे विक्रेत्यांना रान मोकळं झालं असं नाही. दिशाभूल करणाऱ्या दाव्यांविरुद्धचा सर्वसाधारण कायदा लागू आहेच, शिवाय अनेक राज्यांचे गाद्या-उशांसाठी स्वतःचे कायदे आहेत.

फिल पॉवरचा आकडा म्हणजे ऊब, असं समजणं

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात. एक औंस, म्हणजे सुमारे २८ ग्रॅम डाऊन फुलून किती घन इंच जागा व्यापतं, तेवढंच फिल पॉवर सांगतं. आत डाऊन भरलंय किती, हे त्यातून कळत नाही.

८०० फिल पॉवरचं ३ औंस डाऊन भरलेलं जॅकेट घ्या: ८०० गुणिले ३, म्हणजे २४०० घन इंच. आता ६०० चं ६ औंसवालं घ्या: ३६०० घन इंच. शिवण आणि कापड सारखंच असेल, तर दुसरं जास्त ऊब देईल, आणि बहुतेक वेळा स्वस्तही पडेल. ८०० चा फायदा वजनात आणि घडी लहान होण्यात आहे. पाठीवर सॅक घेऊन चढणाऱ्याला तो नक्की हवा; घरातल्या पलंगावर त्यासाठी जादा पैसे मोजण्यात मला अर्थ वाटत नाही. भरावाचं वजन लिहिलेलंच नसेल, तर विक्रेत्याला विचारा. सांगत नसेल, तर दुसरं दुकान बघा.

चिनी मालावरची टक्केवारी तपासून न घेणं

चीनमध्ये डाऊन कपड्यांचं नवं मानक १ एप्रिल २०२२ पासून लागू झालं. त्याआधीच्या 'डाऊन'च्या टक्क्यांत सुटे तंतूही मोजले जात. आता गुच्छांचंच प्रमाण द्यावं लागतं, आणि ते किमान ५० टक्के हवं. जुना साठा स्वस्तात मिळत असेल, तर दोन्ही आकडे एकाच मापाचे समजू नका.

खुणा आणि पट्ट्यांबद्दलचे गैरसमज

'डाऊन अल्टरनेटिव्ह' म्हणजे पिसं नाहीतच, बहुधा पॉलिस्टर. घरात प्राण्यांपासूनचा भराव नको असेल, तर हेच घ्या. पण डाऊनचा भाव देऊ नका.

'रिस्पॉन्सिबल डाऊन स्टँडर्ड'ची खूण पक्ष्यांच्या वागणुकीबद्दल आहे: जिवंतपणी पिसं उपटणं आणि बळजबरीने खाऊ घालणं त्यात वर्ज्य आहे. मला ती महत्त्वाची वाटते, पण ऊब किंवा दर्जा तिच्यावरून जोखू नका.

अमेरिकेतल्या उशांवर 'ही पट्टी काढल्यास कायद्याने शिक्षा' अशा अर्थाची पांढरी पट्टी असते. ग्राहकाला त्यातून सूट आहे आणि तसं त्याच वाक्यात छापलेलं असतं. तरी ती कापायची घाई नको. भरावाची टक्केवारी तिच्यावरच असते, आणि परत करताना दुकानदार ती मागू शकतो. आधी वापरून बघा, पट्टीचा फोटो बिलासोबत ठेवा, मग खुशाल कापा. भारतात घेतलेल्या जॅकेटचं लेबल आणि आतला माल जुळत नसेल, तर हाच फोटो आणि बिल हाताशी ठेवून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर फोन करा.