परदेशातील निवास परवान्याची मुदत वाढवताना कागदपत्रांचे काम कसे करावे

परदेशात राहणाऱ्या व्यक्तीने सर्वप्रथम आपल्याजवळच्या कागदांवरील तारखा नीट वाचाव्यात, कारण व्हिसा संपण्याची तारीख आणि त्या देशात राहण्याची शेवटची तारीख या एकच असतील असे नाही. अमेरिकेत व्हिसा हा सीमेवर जाऊन प्रवेश मागण्यापुरता असतो आणि तेथे कधीपर्यंत राहता येईल हे 'आय-९४' या प्रवेशाच्या नोंदीवरून ठरते, त्यामुळे व्हिसाची मुदत शिल्लक असूनही मुक्काम बेकायदा ठरू शकतो. शेंगेन देशांत, म्हणजे आपसांतील सीमांवर तपासणी न ठेवणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात, अल्पकालीन मुक्कामासाठी कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस मिळतात. हे १८० दिवस मुक्कामातील प्रत्येक दिवसापासून मागे मोजायचे असतात, शिवाय येण्याचा आणि जाण्याचा दिवसही हिशेबात धरला जातो.

राहण्याची शेवटची तारीख कळली की तिच्यापासून मागे येत कामांचा क्रम लावावा. त्यात पासपोर्ट सर्वांत आधी येतो. पुष्कळ देश पासपोर्टच्या मुदतीपलीकडे निवास परवाना देत नाहीत, म्हणून पासपोर्टचे शेवटचे वर्ष चालू असेल तर आपल्या दूतावासातून तो आधी नवा करून घ्यावा आणि मगच नव्या क्रमांकानिशी बाकीचे अर्ज भरावेत. जुना पासपोर्ट मात्र टाकू नये. त्यातला व्हिसा अजून चालू असू शकतो आणि पूर्वीच्या प्रवासाचा पुरावाही त्यातच असतो.

खरा वेळ खातात ती मायदेशातून मागवावी लागणारी कागदपत्रे: जन्मदाखला, विवाह प्रमाणपत्र, पोलिसांचा चारित्र्य दाखला. दोन्ही देश १९६१ च्या हेग अपोस्टिल कराराचे सदस्य असतील आणि त्यांच्यात तो लागू असेल, तर मूळ कागदावर अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारे सरकारी प्रमाणपत्र, घेतले की दूतावासाच्या वेगळ्या साक्षांकनाची गरज उरत नाही. भारतात हा करार २००५ पासून, चीनमध्ये २०२३ पासून आणि कॅनडात २०२४ पासून लागू आहे, त्यामुळे त्याआधीच्या अनुभवावरून कोणी सल्ला देत असेल तर तो पुन्हा तपासावा. अपोस्टिलमुळे सही आणि शिक्का खरा असल्याची खात्री पटते, मजकूर खरा असल्याची नव्हे. भाषांतर शक्यतो अपोस्टिलनंतर करावे, म्हणजे त्या शिक्क्याचेही भाषांतर होते; आणि भाषांतरकार संबंधित कार्यालयाला मान्य असणारा आहे ना, हे पैसे देण्यापूर्वी विचारून घ्यावे. चारित्र्य दाखला बहुधा काही महिन्यांपुरताच ग्राह्य धरला जातो, म्हणून तो फार लवकर काढून ठेवण्यात अर्थ नाही. सर्व कागदांवरील नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरशः जुळते का, हेही याच टप्प्यावर पाहावे.

अर्ज मुदतीच्या आत दाखल होणे ही या साऱ्या खटाटोपातली निर्णायक गोष्ट आहे. जर्मनी, ब्रिटन आणि कॅनडा या देशांत जुना परवाना संपण्यापूर्वी रीतसर अर्ज केलेला असेल तर निर्णय होईपर्यंत सामान्यतः निवासाचा पूर्वीचाच दर्जा चालू राहतो. एका दिवसाच्या उशिरानेही हे संरक्षण हातचे जाऊ शकते. अपॉइंटमेंट मिळाली म्हणजे अर्ज झाला, असे मानू नये. अर्ज लेखी किंवा ऑनलाइन दाखल करून पोचपावती घ्यावी आणि पाठवलेल्या प्रत्येक पानाची प्रत स्वतःजवळ ठेवावी. निर्णय यायच्या आत देशाबाहेर जायचे असेल तर तिकीट काढण्यापूर्वी नियम पाहावा: अमेरिकेत ग्रीन कार्डसाठी (कायम निवासासाठी) दर्जाबदलाचा अर्ज प्रलंबित असताना आगाऊ परवानगीशिवाय बाहेर पडल्यास, काही श्रेणी वगळता, तो अर्ज सोडून दिला असे समजले जाते.

घर बदलल्यास पत्ताही तत्परतेने कळवावा. जपान आणि जर्मनीत त्यासाठी दोन आठवडे, तर अमेरिकेत १० दिवस मिळतात. बोटांचे ठसे देण्याची किंवा जादा कागद मागवणारी सूचना जुन्या पत्त्यावर गेली, तर उत्तराची मुदत आपल्या नकळत टळते.

साध्या मुदतवाढीला एजंट लागतोच असे नाही, पण पूर्वी नकार मिळाला असेल किंवा मुक्काम मुदतीपेक्षा लांबला असेल तर जाणकाराकडे जाणेच शहाणपणाचे. ब्रिटन, कॅनडा आणि ऑस्ट्रेलियात असा सल्ला पैसे घेऊन देण्यासाठी अधिकृत मान्यता लागते आणि ती अधिकृत नोंदवहीत तपासता येते. कोऱ्या फॉर्मवर सही कोणासाठीही करू नये. नकाराचे पत्र आले तर त्यातील कारण आणि अपिलाची मुदत त्याच दिवशी टिपून घ्यावी. नवा परवाना आला तर नाव, जन्मतारीख, मुदत आणि नोकरीविषयीच्या अटी लगेच वाचून, चूक आढळल्यास दुरुस्तीचा अर्ज लेखी द्यावा.