हजेरी ९० टक्के, मग तीच चार मुलं रोज घरी का? मुख्याध्यापकांनो, या चुका टाळा

मासिक पत्रकावर ९० टक्के हजेरी दिसली की सही होते, पत्रक केंद्रप्रमुखांकडे जातं आणि विषय संपतो. सगळ्यात मोठी चूक हीच. ४० पटाच्या वर्गात ९० टक्के म्हणजे रोज चार मुलं घरी. रोज वेगळी चार असतील तर सर्दी-ताप, लग्नकार्य समजू. रोज तीच चार असतील तर ती शाळा सोडायच्या वाटेवर आहेत. टक्केवारी मात्र दोन्हीकडे सारखीच दिसते.

म्हणून हजेरीपत्रकाची खालची बेरीज सोडा, एकेका मुलाची आडवी ओळ वाचा. महिन्याला दोन खाडे किरकोळ वाटतात, पण दहा महिन्यांत ते २० होतात. खाड्याचा वार पाहा. दर आठवडी बाजाराला खाडा असेल तर घरी धाकटं भावंड सांभाळायला कुणी नाही. मोठ्या वर्गातल्या मुलीचे दर महिन्याला सलग तीन-चार खाडे असतील तर आधी मुलींचं स्वच्छतागृह स्वतः जाऊन बघा: आतून कडी लागते का, नळाला पाणी आहे का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. ठरावीक तासाच्या दिवशीच मूल गायब असेल तर त्या तासाला मागे बसा. आणि खिचडीनंतर पुन्हा एकदा डोकी मोजा. सकाळची हजेरी दुपारचं काही सांगत नाही.

दुसरी चूक ऊसतोडीच्या गावांतली, बीड-धाराशिवकडची. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, पावसाळ्यातच घेतलेली असते, गाड्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि शाळेला पत्ता लागतो सुट्टीनंतर. मग हंगामी वसतिगृहाच्या, म्हणजे आई-बाप तोडीला गेल्यावर मुलांची गावातच सोय करण्याच्या, प्रस्तावाची धावपळ. मंजुरी येऊन चूल पेटेपर्यंत सातवीतली मुलगी कारखान्याच्या तळावर कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, भावाला सांभाळत असते, आई-बाप पहाटेच उसाच्या फडात गेलेले असतात. पट राखायला इकडे तिची हजेरी लावली जाते. या खोट्या हजेरीने मुलीचं जितकं नुकसान होतं तितकं नाव कमी केल्यानेही होत नाही, कारण कागदावर हजर असलेल्या मुलीला कुणी शोधतच नाही. मार्च-एप्रिलमध्ये ती परतते, फळ्यासमोर उभी केली जाते, उत्तर येत नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून ती येतच नाही.

तोडीला जाणाऱ्या घरांची यादी पोळ्याच्या आत करा. वस्तीवर संध्याकाळी जा, दिवसा घरी कुणी भेटत नाही. कोण जाणार, कोणत्या कारखान्याला, मागे आजी-आजोबा आहेत का, मुकादमाचा नंबर काय, एवढं वहीत उतरवा. आजी असेल तर मूल गावातच ठेवायला आई-बापांचं मन वळवा. जाणारच असेल तर शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शाळा देते ते कार्ड) हातात द्या आणि तिथल्या जवळच्या शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन करा. दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हे पालकांनाही सांगा. परतल्यावर पहिला आठवडा मुलाची परीक्षा घेऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. खाड्याबद्दल अंगठे धरायला लावणं, वर्गासमोर अपमान करणं: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने दोन्हीला बंदी आहे, शिवाय मूल आणखी लांब जातं. शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद करा. त्यापायी तापाने फणफणलेलं मूल शाळेत येतं. गैरहजर मुलांची नावं पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, त्याच घरी फोन करा. नव्या मुख्याध्यापकांना हे सगळं पहिल्याच महिन्यात ॲपवर उरकायचं असतं. दार वाजवल्याशिवाय खरं कारण कळत नाही.

मूल एकदम गप्प झालं, डबा परत नेऊ लागलं, मरणाची भाषा बोललं तर 'वय आहे' म्हणून सोडू नका. एकटं ठेवू नका, पालकांना त्याच दिवशी बोलवा, टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. घरीच धोका असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर शाळेत बैठक घेऊन मिटवायचं नसतं. पॉक्सोखाली, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याखाली, पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, आणि ते त्याच दिवशी करा.