हौशी नाटकाचा प्रयोग लावताना: विंगेतून काही सूचना

मी विंगेत उभी राहणारी बाई. नाटक कसं झालं ते मला नंतर कुणीतरी सांगतं. माझं सगळं लक्ष क्यूवर, म्हणजे दिवा किंवा संगीत नेमकं कधी बदलायचं त्या इशाऱ्यावर.

तर, प्रयोगाआधी एक तालीम निव्वळ तांत्रिक ठेवा. क्यूच्या आधीची दोन वाक्यं, दिवा किंवा संगीत, की लगेच पुढच्या क्यूवर उडी. नट कुरकुरतात. कुरकुरू द्या.

संहितेच्या एका प्रतीत, समासात, क्यू लिहून काढा. पेन्सिलीनंच, कारण ते शेवटपर्यंत बदलतात. दिव्यांना आकडे, ध्वनीला अक्षरं द्या, म्हणजे गोंधळ नाही. विंगेतून हेडफोनवर 'तयार' म्हटलं की दिवे-ध्वनी चालवणाऱ्याचं बोट बटणावर, 'चालू' म्हटलं की दाबायचं. त्यामुळे हेडफोनवर 'चालू' हा शब्द एरवी काढायचाच नाही. 'पंखा चालू आहे का' असंसुद्धा नाही!

प्रॉपर्टीच्या, म्हणजे नाटकात वापरायच्या वस्तूंच्या, टेबलावर पांढरा कागद अंथरा, प्रत्येक वस्तूभोवती मार्करनं रेघ ओढा आणि आत नाव लिहा. कागदावरची चष्म्याची जागा रिकामी दिसली की तो कुणाच्या तरी खिशात राहिलाय, हे पडदा उघडण्याआधीच कळतं. ब्लॅकआउटमध्ये, म्हणजे सगळे दिवे बंद असताना, हलवायच्या खुर्चीची जागा अंधारात चमकणाऱ्या पट्टीनं दाखवा, पण इवल्याशा तुकड्यानं. त्या पट्टीवर आधी भरपूर उजेड पडलेला हवा, नाहीतर ती चमकत नाही.

तिकिटं, पत्रकं वगैरे होतंच. फक्त उशिरा येणाऱ्यांना कधी आत सोडायचं ते दारावरच्या माणसाला लिहून द्या. ब्लॅकआउटमध्ये अजिबात नको, पायऱ्यांवर अडखळतात. थोडा उजेड आणि मोठं संगीत असलेली नाटकातली जागा निवडा.