नोकरी डळमळीत वाटू लागली तर

कार्यालयात कपातीची कुजबुज सुरू झाली की आधी मागील ३ महिन्यांचे पासबुक समोर घ्यावे आणि घरभाडे, किराणा, शाळेची फी व कर्जाचे हप्ते एवढेच खर्च वेगळे मांडून, पगार थांबल्यास शिल्लक किती महिने पुरेल हे काढावे. हा हिशेब घरच्यांसमोरच करावा. रोज डबा घेऊन बाहेर पडण्याचे सोंग फार दिवस निभत नाही. क्रेडिट कार्डाची केवळ किमान रक्कम भरणे हा, माझ्या मते, सर्वांत महागडा दिलासा आहे, कारण उरलेल्या रकमेवर व्याज चढतच राहते. हप्ता चुकण्याआधीच बँकेला लेखी कळवावे. कंपनीचा आरोग्यविमा सहसा नोकरीबरोबरच संपतो, म्हणून स्वतंत्र पॉलिसी वेळीच घ्यावी. सलग सेवेची ५ वर्षे भरत आली असतील, तर ग्रॅच्युइटीची, म्हणजे दीर्घ सेवेबद्दल नोकरी सोडताना मिळणाऱ्या एकरकमी रकमेची, पात्रतेची तारीख तपासल्याशिवाय राजीनाम्यावर सही करू नये.